मामूंची रुजवात

आमच्या मामेसासऱ्यांना कुणी मोकळीक दिली असती, तर त्यांनी औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचीसुद्धा नक्कल करून ठेवली असती. एकेक दगड, दगडावरचा एकेक हत्ती, हत्तीच्या सोंडेचं वेटोळं, सगळं लांबट वहीत उतरवलं असतं आणि खाली ‘नक्कल बराबर’ असं लिहून सही ठोकली असती. जगात वस्तू मोडतात, जळतात, चोरीला जातात, याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. ‘‘नक्कल घेतली न्हवती का?’’ असं ते विचारतात, आणि समोरच्यानं नाही म्हणून मान हलवली की चष्मा काढून पुसायला लागतात. हे चष्मा पुसणं म्हणजे त्यांचं सुतक. गेल्या पंचवीस वर्षांत तो चष्मा इतक्यांदा पुसला गेला आहे, की भिंगात काच शिल्लक राहिली याचंच नवल.

मामेसासरे म्हटलं म्हणून नात्याचा धागा शोधत बसू नका. ते ना रक्ताचे, ना जातीचे, ना धर्माचे. माझ्या सासऱ्यांचं घर आणि या मामूंचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. आमच्या सौभाग्यवती लहानपणी त्या भिंतीवर चढून बसायच्या आणि कोणत्या बाजूला उतरायचं ते स्वयंपाकाच्या वासावर ठरवायच्या. सासूबाईंनी मामूंना राखी बांधली तेव्हापासून ते या घराचे सख्खे मामा. आमच्या लग्नात नवरीच्या पाठीशी मामा म्हणून तेच उभे राहिले. पण त्याच्याही आधी त्यांनी आमची लग्नपत्रिका परत पाठवली होती. झालं असं, की घरात आलेल्या प्रत्येक पत्रिकेची ते वहीत नक्कल करतात. आमची उतरवताना त्यांच्या ध्यानात आलं, की छापलेली तिथी आणि छापलेला वार एकमेकांशी बोलत नाहीत. माझे वडील, दोन काका, गुरुजी आणि छापखानेवाला, पाच जणांनी ती पत्रिका वाचून मान डोलावली होती. मामूंनी पंचांग शेजारी ठेवलं आणि निरोप धाडला, ‘‘नवरी गुरुवारी उभी राहणार, नवरदेव शुक्रवारी येणार. मधला एक दिवस पोरीनं काय करावं, तेवढं कळवा.’’ माझं लग्न वेळेवर लागलं ते मामूंच्या नकलेमुळे. ही गोष्ट आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी निघते, आणि त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं ती नजर माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला शोभेल अशी नसते.

हे नकलेचं वेड मामूंना घराण्यातून आलं आहे. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत नक्कलनवीस होते. मूळ कागद घ्यायचा, त्याची दुसरी प्रत हातानं लिहायची, आणि मग रुजवात घ्यायची. रुजवात म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं शब्दावर बोट ठेवून तपासायचं. एकट्यानं रुजवात घेतलेली चालत नाही. ‘‘एक डोळा झोपतो जवाई,’’ मामू म्हणतात, ‘‘दोघांचे चार डोळे एका टायमाला झोपत न्हाईत.’’ आजही साखऱ्याकडचा एखादा म्हातारा फडक्यात बांधलेले उर्दूतले जुने जमिनीचे कागद घेऊन त्यांच्या दुकानात येतो. मामू आधी हात धुतात, चहाचे कप दुकानाबाहेरच्या पायरीवर ठेवायला लावतात, कारण चहा आणि कागद एका टेबलावर बसत नाहीत असा त्यांचा कायदा आहे, आणि मग त्या म्हाताऱ्यालाच समोर बसवून घेतात. त्याला उर्दूचं अक्षर येत नसलं तरी. तो नुसता हुंकार भरत बसतो. पण कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर वाचणाऱ्याची जीभ घसरत नाही, असं मामूंचं म्हणणं.

दुकान म्हणजे देवळाकडं जाणाऱ्या गल्लीतली एक अरुंद खोली. एका बाजूला प्रसादाचं दुकान, दुसऱ्या बाजूला बांगड्यांचं. तरुणपणी मामू रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही भिंतीवर चढले, मामू शेतातल्या मोटारींच्या स्टार्टरकडं, वजनकाट्यांकडं आणि दुकानांवरच्या चमकत्या पाट्यांकडं वळले. या सगळ्यांच्या पोटात आता एक काळी चिप असते, नखाएवढी, दोन्ही अंगांना पाय असलेली. त्या यंत्रानं काय करायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. मामूंनी ही विद्या पन्नाशी उलटल्यावर, कोणत्याही क्लासला न जाता उचलली. आणि अर्थातच, दुकानात आलेल्या प्रत्येक यंत्राच्या चिपेतला मजकूर वाचून तो वहीत उतरवायचा परिपाठ सुरू केला. हातानं! शाईच्या पेनानं! मी एकदा म्हणालो, ‘‘मामू, पेन ड्राइव्हवर ठेवा की.’’ त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. ‘‘कागदाला वाळवी लागली तर दिसते तरी,’’ ते म्हणाले. मेलेल्या चिपाही ते टाकत नाहीत. त्यांच्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यावर मराठीत आणि उर्दूत लिहिलं आहे, ‘मरहूम’. प्रत्येक चिप कागदाच्या पुडीत, पुडीवर मृत्यूचं कारण. ‘वीज पडून’, ‘उंदरानं’, ‘मालकाच्या मेव्हण्यानं उघडून पाहिल्यामुळं’.

हे सगळं मी बरीच वर्षं थट्टेवारी नेत होतो. थट्टा थांबली ती सुनंदाच्या तीनचाकीमुळे.

सुनंदा शिरड शहापूरची. मी तिथल्याच शाळेत शिकवतो, औंढ्याहून रोज जाऊन येऊन करतो. लहानपणच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. पंचविशीपर्यंत ती जिथं गेली तिथं भावाच्या पाठीवर बसून गेली, म्हणजे भावाला सवड असेल तेव्हा गेली. मग तिला बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी मिळाली आणि गावानं वेगळीच सुनंदा पाहिली. दहावीच्या पोरींना घरात अभ्यासाला जागा नसते म्हणून तिनं जुन्या चावडीच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली. सकाळी सहाला कुलूप उघडायचं, संध्याकाळी सातला लावायचं, किल्ली कमरेला. एक दिवस चुकला नाही. चुकला तो भावाच्या मायेमुळे. यात्रेला बहिणीनं झोकात जावं म्हणून त्यानं मोटारीचा पाइप लावून ती गाडी धुतली. वरून, खालून, आतून. गाडी चकाचक झाली आणि जागची हलेना. पाणी आतल्या सर्किटच्या पट्टीत शिरलं होतं आणि पट्टीवरची चिप मेली होती. गाडी बनवणाऱ्यांचा कारखाना कधीच बंद पडला होता. अभ्यासिकेला कुलूप लागलं, परीक्षा महिन्यावर आलेली, आणि गावातल्या चार शहाण्यांनी ठरवलं, की येत्या सोमवारपर्यंत सुनंदाची गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर किल्ली दुसऱ्या कुणाकडं द्यायची.

मीच ती गाडी टेम्पोत घालून मामूंकडं आणवली. सुनंदा बरोबर होती, भावानं तिला उचलून दुकानाच्या पायरीवर बसवलं. ‘‘एवढं काय घाबरायचं,’’ भाऊ म्हणाला, ‘‘मी नेतो की रोज उचलून. तिचं काय ओझं हाये का मला?’’ माणूस वाईट नव्हता. खरोखरीच नेलं असतं त्यानं. तो चहा सांगायला गेला तेव्हा सुनंदा मामूंना म्हणाली, ‘‘मामू, मला उचलून न्यायला माणसं लई हायेत. मला ती नको. तेवढं पाहा.’’

मामू उठले. फळीवरून वह्या काढत राहिले. तिसरी का चौथी वही उघडून त्यांनी पान शोधलं आणि तिच्यासमोर धरलं. तीन वर्षांपूर्वी तीच गाडी एका सुटलेल्या तारेसाठी त्यांच्याकडं आली होती. काम पाच मिनिटांचं. पण मामूंनी चिपेतला सगळा मजकूर उतरवून घेतला होता. यंत्राचं एक अक्षर म्हणजे दोन खुणांची जोडी; एका ओळीत सोळा जोड्या, अशा दोनशे छप्पन्न ओळी, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड नाही. खाली लिहिलं होतं, ‘एकूण ४०९६. नक्कल बराबर.’ तुमचं माहीत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. गाडी मेली होती, कारखाना मेला होता, आणि तिचा जीव इथं औंढ्याच्या गल्लीत एका वहीत, बांगड्यांच्या दुकानाच्या भिंतीला टेकून, तीन वर्षं वाट पाहत उभा होता.

आता फक्त नवी चिप आणायची आणि वहीतला मजकूर तिच्यात भरायचा, एवढंच काम राहिलं असं मला वाटलं. मामूंनी हैदराबादहून तशाच दोन चिपा मागवल्या. जुन्या मालातल्या शेवटच्या दोनच शिल्लक होत्या. पण मजकूर भरायला एक डबी लागते, ती कॉम्प्युटरला जोडावी लागते, आणि कॉम्प्युटरला त्या चिपेचं माप माहीत असावं लागतं. शिंप्याला जसं छाती-खांदा-लांबी लागते तसंच. चिपेत किती अक्षरं मावतात, तिची ओळख काय, तिला किती व्होल्ट सोसतात. मामूंचा जुना कॉम्प्युटर या सगळ्या मापांचा जाणकार होता, पण तो आदल्या उन्हाळ्यात वारला होता. माझा लॅपटॉप नवा. डबीबरोबर आलेली जुनी सीडी त्याच्यावर चालेना. इंटरनेटवरून फुकटातला एक प्रोग्राम उतरवला, तो डबीशी बोलू लागला, पण त्याच्या यादीत ही चिप नव्हती. माप हातानं भरायची सोय मात्र होती. माप कुठून आणायचं? इंटरनेटवर चिपेचा कागद सापडला तो चिनी भाषेत, तोही अर्धा. मग मामू म्हणाले, ‘‘सीडी चालत न्हाई, पर सीडीतली माणसं कुठं गेली न्हाईत. सगळ्या चिपांच्या मापांचं दप्तर असंलच की आत. उघडा.’’

सीडीवर एक मोठी फाइल होती. ती उघडली आणि पडद्यावर नुसतं भुसकट सांडलं. शून्य शून्य, एफ एफ, तीन दोन, चार एक, खाली खाली हजारो ओळी. उजव्या कडेला मधूनच एखाद्या चिपेचं नाव दिसे, पुन्हा भुसकट. मी एम.एस्सी. आहे, हे मी इथं मुद्दाम सांगतो. मी दहा मिनिटांत हात टेकले. मामू मात्र खुर्ची पुढं ओढून बसले. त्यांनी हात धुतले होते, कप पायरीवर ठेवला होता. एका नावावर बोट ठेवलं, दुसऱ्या नावापर्यंत घरं मोजली. मग दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत. ‘‘चौसष्ट,’’ म्हणाले. ‘‘हरेक असामीला बराबर चौसष्ट खाने. हे तर पीकपाहणीचं रजिस्टर हाये जवाई. नाव, मग जमीन किती, मग आकार किती.’’ कोणत्या खान्यात काय आहे ते कसं कळणार, असं मी विचारलं. ‘‘जुन्या कागदात अनोळखी शेत कसं वळखतात? चतुःसीमेवरून. शेजारी वळखीचा पाहिजे.’’ आणि त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यात तीस-चाळीस चिपा होत्या, ज्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. एकेकीचं नाव ते फाइलीत शोधत गेले आणि कोणत्या खान्यातला आकडा कोणाबरोबर बदलतो ते पाहत गेले. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर. शनिवारी दुपारपर्यंत त्या भुसकटातून एकेक दाणा वेगळा होऊन माझ्या लॅपटॉपवरच्या तक्त्यात बसू लागला. असं काही मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस समोर बसून कुण्या परक्या देशातल्या इंजिनियराचं बंद पोतडं सोडत होता, आणि मध्येच उठून गिऱ्हाइकाला टॉर्चचे सेलही देत होता.

तक्ता झाला आणि माझी विद्वत्ता जागी झाली. सुनंदाच्या चिपेच्या ओळीत, किती अक्षरं मावतात या खान्यात दोन जोड्या होत्या: ‘०० १०’. कॉम्प्युटर सोळाच्या पटीत मोजतो, त्यामुळे तिथला दहा म्हणजे आपले सोळा. मी छाती फुगवून जाहीर केलं, ‘‘या चिपेत सोळा अक्षरं मावतात.’’

मामूंनी वहीकडं पाहिलं. ‘‘वही म्हणते चार हजार शहाण्णव.’’

‘‘फाइल सोळा म्हणते, मामू. गणित आहे हे.’’

‘‘सोळात तर माझं नावबी मावत न्हाई,’’ मामू म्हणाले. ‘‘वही खोटं बोलत न्हाई. म्हंजे वाचणारा चुकून राहिला.’’ आणि ते पडद्याकडं बघत बसले. बघता बघता हसायला लागले. ‘‘अरे, हे तर आमचंच की! उजवीकडून वाचा.’’

मी म्हणालो, उलटं वाचलं तर ‘०१ ००’ होईल. ‘‘न्हाई, न्हाई. आकडा सरळच, ओळ तेवढी उलटी. उर्दूत कसं असतं? लिहिणं उजवीकडून, पर मधे आकडा आला की तो डावीकडून. तसं. जोडी मोडू नका, जोड्या उजवीकडून घ्या.’’ मी जोड्या उजवीकडून घेतल्या: ‘१० ००’. सोळाच्या हिशेबात एक हजार, म्हणजे सोळाला सोळानं आणि पुन्हा सोळानं गुणायचं. मी कागदावर गुणाकार केला. चार हजार शहाण्णव. वर्गात मी कधी फळ्यापुढं हात जोडले नाहीत, पण त्या क्षणी मामूंच्या पायरीवरच्या कपापुढंसुद्धा जोडले असते. पुढं पुस्तकात वाचलं, की यंत्रं अनेकदा आकडे असेच मागून पुढं ठेवतात आणि शिकलेली माणसंही त्यात ठेचकाळतात. मामूंना ते वाचायची गरज पडली नाही. त्यांच्या आजोबांनी ते निजामाच्या कचेरीतच शिकवून ठेवलं होतं.

रविवारी दुपारपर्यंत वहीतल्या दोनशे छप्पन्न ओळीही मी लॅपटॉपवर टंकून काढल्या. आता फक्त रुजवात व्हायची होती, मापाचीही आणि ओळींचीही. तेवढ्यात शेजारच्या प्रसादवाल्याचा काटा बंद पडला आणि दारात गिऱ्हाइकांची झुंबड. मामू उठले. ‘‘आलोच. तवर हात लावू नका. रुजवात व्हायची हाये.’’

मी हात लावला. का लावला ते सांगतो. मला मामूंना चकित करायचं होतं. तीन दिवस मी त्यांच्यासमोर बिगरीतल्या पोरासारखा बसलो होतो, आता ते परत यायच्या आत चिप भरून तळहातावर ठेवावी आणि म्हणावं, घ्या. मी माप भरलं, चिप डबीत बसवली आणि बटण दाबलं. दोन सेकंदांत एक बारीक वास आला. जळक्या मेणकापडाचा. चिपेला हात लावला तर चटका बसला. मग तक्ता पुन्हा पाहिला. सुनंदाच्या चिपेच्या खालीच जवळजवळ त्याच नावाची दुसरी चिप होती, शेवटचं एकच अक्षर वेगळं. माझा डोळा एक ओळ घसरला होता. पाच व्होल्टच्या लेकराला मी शेजाऱ्याचे बारा व्होल्ट पाजले होते.

मामू दुकानात शिरले ते वास घेतच. डबीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी उठून उभा राहिलो. बाहेर पायरीवर सुनंदा बसलेली होती, सकाळपासून. तिनं आत वळून विचारलं, ‘‘झालं का मामू?’’

‘‘व्हईल बेटा,’’ मामू म्हणाले. ‘‘आता कुठं सुरू केलं.’’ त्यांनी जळालेली चिप कागदाच्या पुडीत बांधली, पुडीवर काहीतरी लिहिलं आणि पुडी ‘मरहूम’च्या डब्यात ठेवली. चष्मासुद्धा पुसला नाही. तो पुसला असता तर मला बरं वाटलं असतं. मग उरलेली एकुलती एक चिप त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली आणि म्हणाले, ‘‘वाचा.’’

मी वाचायला लागलो. आधी माप, मग त्या दोनशे छप्पन्न ओळी. ‘‘शून्य शून्य, एफ चार, सात बी, एक शून्य...’’ मामू वहीवर बोट सरकवत ‘‘हं, हं’’ करत होते. खुर्चीवरच मांडी घातलेला मी, डोळे पडद्यावर, आवाज एकसुरी. रविवारची देवळाची गर्दी दारावरून चाललेली. परजिल्ह्यातली एक आजी थबकली, तिनं चपला काढल्या आणि सुनंदाशेजारी पायरीवर टेकली. बराच वेळ ऐकून तिनं हात जोडले. ‘‘कोणता जप हाये म्हणायचा, महाराज?’’

मामूंनी बोट न उचलता सांगितलं, ‘‘चूक न व्हायचा, माय. बसा, पर बोलू नका.’’

आजी पाऊण तास बसली. जाताना खोबऱ्याचा तुकडा वहीच्या कडेला ठेवून गेली. मामूंनी तो कपाळाला लावला आणि लगेच उचलून पायरीवर कपाशेजारी ठेवला, कारण कायदा म्हणजे कायदा. त्या वाचनात माझ्या टंकण्यातल्या तीन चुका निघाल्या. तीन! त्यांतली एक तशीच राहिली असती तर सुनंदानं दांडी डावीकडं ओढल्यावर गाडी कुठं गेली असती, देव जाणे.

उन्हं कलताना दोनशे छप्पन्नावी ओळ संपली. मामूंनी चिप डबीत बसवली आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. ‘‘दाबा.’’ मी म्हणालो, मामू, तुम्हीच दाबा. ‘‘रुजवात झाली ना? मग भ्यून काहून राहिले? दाबा.’’ मी दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली आणि टोकाला पोचली. कसलाही वास आला नाही.

चिप पट्टीवर आणि पट्टी गाडीत बसवून झाल्यावर भाऊ सुनंदाला उचलायला पुढं आला. तिनं हातानंच त्याला थांबवलं, पायरीवरून सरकत स्वतःच गाडीत बसली आणि दांडी हळूच पुढं लोटली. गाडी निघाली. बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेली, वळली, चढावर देवळाच्या तोंडापर्यंत गेली, परत आली. मग काही कारण नसताना पुन्हा एकदा गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. ‘‘बराबर चालून राहिली, मामू,’’ एवढंच म्हणाली. मामूंनी मान हलवली आणि वहीत लिहायला बसले. सोमवारी सकाळी मी शाळेत जाताना पाहिलं, चावडीच्या खोलीचं दार उघडं होतं, दारात तीनचाकी उभी होती आणि आतून पोरींच्या पाठांतराचा गलका येत होता.

मला वाटलं, संपलं. पण मामूंच्या दृष्टीनं तेव्हा कुठं सुरू झालं होतं. त्या फाइलीत हजाराच्या वर चिपांची नावं आहेत, आणि आपल्याला हवी होती फक्त एक. ‘‘एका असामीसाठी दप्तर उघडायचं आणि बाकीची तशीच टाकून बंद करायचं, हे बराबर न्हाई,’’ मामू म्हणाले. कुणाला लागणार त्या चिपा? ‘‘लागंल कोणाला तरी. सुनंदाची तरी लागंल असं कोणाला वाटलं व्हतं?’’ तेव्हापासून दर रविवारी मी दुकानात जातो. मी फाइल वाचतो, मामू मोठ्या रजिस्टरात उतरवतात. नाव, माप, व्होल्ट, आणि शेवटी शेऱ्याचा खाना. शेरा मात्र ते उर्दूतच लिहितात, ते त्यांचं स्वतःशी बोलणं.

वर्षभरात त्यांची नजर अधू झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर आता लागत नाही. हल्ली वाचतो मीच, लिहितोही मीच, आणि डोळे मिटून ऐकतात ते. एखादी जोडी मागंपुढं झाली की मिटल्या डोळ्यांनीच बोट वर करतात. मध्यंतरी एकदा म्हणाले, ‘‘माझ्यामागं हे शेरे कोण वाचंल?’’ आणि मला अलिफ-बे शिकवायला घेतलं. बावन्नाव्या वर्षी मी पाटी धरली. आमच्या सौभाग्यवतींना या गोष्टीचा जो आनंद झाला तो लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. कितीतरी महिने मी उजवीकडून एकेक अक्षर ठेचाळत चाललो होतो.

मागल्या पंधरवड्यात मामूंनी रजिस्टरातली जुनी पानं काढायला सांगितली. ‘‘पहिल्यापासून घ्या. शेरे तुमी वाचा, मी ऐकतो.’’ पहिलंच पान सुनंदाच्या चिपेचं. मी शेऱ्यावर बोट ठेवलं आणि वाचत गेलो. कुणाच्या मदतीशिवाय अखंड वाचलेली ती माझी पहिली उर्दू ओळ. ‘दो में से एक चिप जाया हुई. कसूर मेरा. रुजवात से पहले उठ के गया.’

मी थांबलो. बाहेर गल्लीत बांगड्यावाली कुणाशी तरी घासाघीस करत होती. मामू डोळे मिटून बसले होते, मांडीवर हात, पुढच्या शब्दाची वाट पाहत. ‘‘मामू,’’ मी म्हणालो, ‘‘ही चिप मी जाळली होती. हा शेरा चुकीचा आहे.’’

‘‘अक्षर लागलं का सगळं?’’

‘‘लागलं.’’

‘‘मग नक्कल बराबर हाये,’’ मामू म्हणाले. ‘‘पुढची ओळ घ्या.’’

पुढची ओळ मी दोनदा चुकीची वाचली. दोन्ही वेळा मामूंचं बोट वर झालं, आणि दोन्ही वेळा ते मी पुन्हा सुरू करायची वाट पाहत राहिले.